सात पॉइंट चारनंतरचं शून्य

सुकलालभाऊ,

आज एक वाजता शेजारची पिठाची गिरणी बंद झाली आणि मी सवयीने खुर्चीवरून उठले. पीएच मीटरच्या टेबलाकडे दोन पावलं टाकली आणि मग लक्षात आलं की परवाच मी तुमच्या दहाव्याला जाऊन आले आहे. तुम्ही रिटायर होऊन तीन वर्षं झाली, जुना मीटर अडगळीत गेला, नव्या मीटरला गिरणीचं काही सोयरसुतक नाही. तरी माझे पाय एक वाजता उठतातच. ही सवय तुम्ही लावलीत, तेव्हा तिचं काय करायचं तेही जाताना सांगून जायला हवं होतं.

मी जळगावच्या या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला आले तेव्हा माझ्या बॅगेत सुवर्णपदक होतं आणि डोक्यात त्याहून जास्त हवा होती. तुम्ही तेव्हाच वीस वर्षांचे जुने लॅब अटेंडंट होतात. पहिल्याच आठवड्यात मी घाईघाईत इलेक्ट्रोड बीकरवर आपटला आणि त्याचा काचेचा फुगा फुटला. महागाची वस्तू. मी तुम्हाला हळूच म्हटलं, रजिस्टरमध्ये 'तडा गेला' असं लिहा. तुम्ही मान हलवलीत, पेन उघडलंत आणि सुवाच्य अक्षरात लिहिलंत, 'नवीन मॅडमच्या हातून फुटला.' मी पंधरा दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्हाला बहुधा ते कळलंही नाही, कारण तुम्ही रोज येऊन विचारतच होतात, "जेवनात का मॅडम?"

या प्रश्नाचा मला फार राग यायचा. दुपारी अडीचला विचारायचात, जेव्हा कॉलेजातला प्रत्येक माणूस जेवून सुस्तावलेला असायचा. तुम्ही स्वतः त्या वेळी डबा उघडायचात, हे मला फार उशिरा दिसलं. एक ते दोन गिरणी बंद असायची. गिरणी चालू असली की आपल्या मीटरची सुई थरथरायची, म्हणून सगळी नेमकी मोजमापं तुम्ही त्या एका तासात उरकायचात. कोणी सांगितलं नव्हतं, कुठल्या नियमात नव्हतं. सुई शांत बसते ती वेळ सुईची, आपलं पोट नंतर, असा तुमचा सरळ हिशेब. मी एकदा घाई केली तेव्हा म्हणालात, "सुईले दम खाऊ द्या मॅडम." आणि खरंच, एखाद्या म्हाताऱ्या पाहुण्याला बसू द्यावं तसे तुम्ही हात मागे बांधून उभे राहायचात.

त्या मीटरवर तुमचा जीव होता. खंडेनवमीला तुम्ही त्याला झेंडूची माळ घालायचात, हळदकुंकू लावायचात आणि त्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही म्हणजे नाही. प्राचार्यांनी एकदा विचारलं की यंत्राची पूजा ठीक, पण इलेक्ट्रोडला कुंकू का नाही? तुम्ही गंभीरपणे सांगितलंत की त्याला लावलं तर उद्या तो कुंकवाचाच पीएच दाखवेल. प्राचार्य हसले. तुम्ही नाही हसलात.

त्या मीटरच्या सातपासून आठपर्यंत पाचच घरं होती. एकेक घर शून्य पॉइंट दोनचं. सुई दोन रेघांच्या मध्ये थांबली तर अर्ध्या घराचा अंदाज घेता यायचा, म्हणजे एक दशांश स्थळ. त्याच्या पुढचं जे काही असेल ते देवाला ठाऊक. तुम्ही ७.४ लिहायचात, ८.१ लिहायचात. सुई नेमकी आठच्या रेघेवर बसली तर ८ लिहून सोडून द्यायचा नाहीत, ८.० लिहायचात. कारकुनांनी एकदा हटकलं, हे शून्य कशाला? तुम्ही म्हणालात, तिथपर्यंत पाहिलं म्हणून. मी वर्गात सार्थ अंकांवर तासभर बोलायची, आणि तुम्ही तीन शब्दांत आटपलंत.

तो तास तुम्ही दरवर्षी ऐकायचात. मागच्या दाराशी स्टँड आणि ब्युरेट घेऊन उभे असायचात, आणि मी फळ्यावर लिहायची: पीएच ७.४, म्हणजे हायड्रोजन आयनांची संहती लिटरमागे ४ गुणिले दहाचा उणे आठवा घात, इतके मोल. चार, फक्त चार. कॅल्क्युलेटर ३.९८१०७ दाखवेल, त्याच्या नादी लागायचं नाही. पीएचमध्ये दशांशचिन्हाच्या पुढे जितके आकडे, तितकेच संहतीत सार्थ. चिन्हाच्या आधीचा सात मोजायचा नाही, तो फक्त दहाचा घात कितवा ते सांगतो. मुलं माना डोलवायची. तुम्ही नाही.

पहिल्या वर्षी तास संपल्यावर तुम्ही फळा पुसायला आलात आणि डस्टर हातात धरून तसेच उभे राहिलात. सात मोजायचा नाही हे तुम्हाला पटलं नव्हतं. मीटरवर आपण आधी काय पाहतो? सातच ना? मग मोजायचा नाही कसा? मी सांगितलं, पोस्टकार्डावर गावाचं नाव असतं, पण ते मजकुरात धरत नाहीत, तसं. तुम्ही डस्टर खाली ठेवलंत.

"गाव चुकनं ते मजकूर कोन वाची?"

मी म्हटलं, महत्त्वाचा आहे हो सात, पण सार्थ अंक ही वेगळी गोष्ट आहे. तुम्ही म्हणालात, महत्त्वाचा आहे आणि मोजत नाहीत, हा कुठला न्याय? मग हा वाद दरवर्षी, त्याच तासानंतर, त्याच फळ्यापाशी व्हायला लागला. मी नवी नवी उदाहरणं शोधून आणायची, तुम्ही प्रत्येकात खोट काढायचात. एसटीच्या पाटीचं उदाहरण तर तुम्ही असं उधळलंत की पुढे मी एसटीचं नाव काढलं नाही. नियम माझ्या बाजूने होता, पण दरवेळी हरल्यासारखी मीच स्टाफरूममध्ये जायची. हा वाद राहून गेला, भाऊ. मला तो जिंकायचा नव्हता. नुसता चालू राहायला हवा होता.

आता त्या दुसऱ्या गोष्टीकडे यायला हवं. इतका वेळ मी तिच्याभोवती फिरते आहे, हे तुम्ही ओळखलंच असेल.

माझ्या पीएच.डी.चा विषय होता जळगाव-धुळे पट्ट्यातल्या विहिरींचं पाणी. साठ-सत्तर विहिरी. रविवारी सकाळी आपण एसटीने निघायचो, तुमच्या खांद्यावर बाटल्यांची गोणी, माझ्या हातात वही. एरंडोल, पारोळा, पुढे धुळ्यापर्यंत. कंडक्टर गोणीकडे संशयाने बघायचे आणि तुम्ही प्रत्येकाला बूच उघडून वास घ्यायला लावायचात. तुमच्या पांझरेकाठच्या गावातल्या विहिरीवर गेलो तेव्हा तुमच्या पत्नीने, अक्कांनी, कळण्याची भाकरी आणि भरीत केलं होतं. मला तिखट झेपत नाही हे बघून तुम्ही माझ्या ताटात गुपचूप दही सरकवलंत आणि अक्कांना सांगितलंत की मॅडमना दही आवडतं.

बाटल्या आल्या की दुसऱ्या दिवशी एक ते दोनमध्ये तुम्ही मोजमाप घ्यायचात. ७.४, ७.८, ८.१. तुमचं रजिस्टर भरत गेलं.

प्रबंध टाइप करायची वेळ आली आणि मला त्या एकांड्या दशांशांची लाज वाटायला लागली. दुसऱ्यांचे प्रबंध चाळले तर त्यांच्या तक्त्यांत ७.४२, ७.८६ अशा ऐटदार रांगा. त्यांच्यापुढे माझा तक्ता अपुऱ्या कपड्यातल्या माणसासारखा दिसायला लागला. मग मी काय केलं, तर प्रत्येक आकड्यापुढे एक शून्य लावलं. ७.४०. ७.८०. ८.१०. शेजारच्या रकान्यात हायड्रोजन आयनांची संहती तीन तीन आकड्यांत, ३.९८, १.५८, ७.९४. केवढं शास्त्रीय दिसत होतं. वर्गात मी ज्यासाठी पोरांचे मार्क कापायची, नेमकं तेच.

टाइप केलेले कागद तुम्ही पाहिलेत. तुम्हाला इंग्रजी मजकूर वाचता येत नव्हता, पण आकडे तर तुमचेच होते. एका रांगेतल्या शेवटच्या शून्यावर तुम्ही बोट ठेवलंत.

"मॅडम, हाई शून्य मनं नही शे."

मी म्हटलं, तुमचं नसलं तरी शून्यच तर आहे भाऊ, त्याने काय होतं? तुम्ही माझ्याकडे बघितलंत. 'तिथपर्यंत पाहिलं म्हणून' हे तुमचं वाक्य आपल्या दोघांनाही आठवलं असणार. तुम्ही कागद नीट जुळवून ठेवलेत आणि इलेक्ट्रोड धुवायला निघून गेलात.

तोंडी परीक्षा आपल्याच लॅबमध्ये झाली. बाहेरून आलेले परीक्षक किरकोळ अंगाचे, आवाज इतका हळू की कान पुढे करावा लागायचा. माझे मार्गदर्शक शेजारी बसलेले. परीक्षकांना उपकरणं बघायची होती म्हणून तुम्ही मीटरजवळ उभे होतात, नवा इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी तक्त्याचं पान उघडलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाई, खानदेशातल्या सगळ्या विहिरींनी ठरवून शेवटी शून्यच आणलं का?"

साठ-सत्तर विहिरी, आणि एकीच्याही शेवटी एक नाही, दोन नाही, सात नाही. सगळीकडे शून्य. इतकी साधी गोष्ट माझ्या सुवर्णपदकाच्या ध्यानात आली नव्हती. ते उठले, मीटरपाशी गेले आणि त्यांनी बोटाने घरं मोजली. मग विचारलं, या मीटरवर दुसरं दशांश स्थळ कोणी वाचलं?

पाच वर्षांचं काम डोळ्यांपुढे होतं. आता हे म्हणणार की हिने आकडे बनवले, प्रबंध परत जाणार, असं मला दिसायला लागलं. आणि मी म्हटलं, "नोंदी आमच्या अटेंडंटनी घेतल्या आहेत, सर. सुकलाल. त्यांनी सवयीने शून्य लावलं असेल."

सुकलाल म्हटलं मी, भाऊ. तेवढ्यात 'भाऊ'सुद्धा गळून पडलं.

परीक्षक तुमच्याकडे वळले. तुम्ही लावलंत का हे? तुमच्या पाठीमागच्या फळीवरच तुमचं रजिस्टर होतं. हात मागे नेला असता तर हाताला लागलं असतं. एक पान उघडून दाखवलं असतंत तर तुम्ही सुटला असतात आणि मी बुडाले असते. तुम्ही त्या फळीसमोरून हलला नाहीत. उलट अर्धं पाऊल सरकून तिच्या बरोब्बर पुढे उभे राहिलात.

"हो साहेब. सवयीनं पडलं असंल."

मॅडमच्या हातून फुटला, असं लिहिणारा माणूस. न पाहिलेला एक आकडा ज्याने उभ्या नोकरीत लिहिला नाही, तो माणूस भर परीक्षेत माझ्यासाठी खोटं बोलला. परीक्षकांनी नुसती मान हलवली. तुम्हाला म्हणाले, शून्यालाही किंमत असते बाबा, असं कुठेही टाकू नये. तुम्ही म्हणालात, हो साहेब. ज्याला मी हे शिकवायला हवं होतं त्याने मला शिकवलं होतं, आणि मी खाली मान घालून तुम्हाला बोलणी बसताना ऐकत होते.

प्रबंध परत गेला नाही. तक्ते दुरुस्त करून द्या, एवढ्यावर भागलं. तुम्हीच दाढीचं अर्धं ब्लेड घेऊन बसलात आणि तीन दिवस एकेक शून्य खरवडून काढलंत, प्रत्येक प्रतीतून, कागदाला भोक न पाडता. शेजारचा रकाना मी नव्याने टाइप करून घेतला. ३.९८ चं ४ झालं, १.५८ चं २, ७.९४ चं ८. सगळा प्रबंध बुटका दिसायला लागला. पण मी त्या रात्री हिशेब करून पाहिला. सुई ७.३५ ते ७.४५ मध्ये कुठेही असती तरी तुम्ही ७.४ च लिहिलं असतं, आणि तेवढ्यात संहती साडेतीनपासून जवळजवळ साडेचारपर्यंत फिरते. म्हणजे आपल्याला जे ठाऊक होतं ते चार होतं. ३.९८ आपल्याला कधी ठाऊकच नव्हतं.

माफी मागायला मी चार-पाच वेळा तरी आले असेन. 'भाऊ, त्या दिवशी...' एवढं म्हटलं की तुम्ही विचारायचात, "जेवनात का मॅडम?" सकाळी दहाला विचारायचात, संध्याकाळी पाचलाही. एकदा तर डबा माझ्यापुढे उघडा करून ठेवलात आणि मी शेवभाजी खात बसले. तोंडात घास असताना माफी मागता येत नाही. शेवटी मी सोडून दिलं. मला ते सोपं पडलं, हेही खरंच आहे.

तुम्ही रिटायर झाल्यावर एकदा आलात तेव्हा नवा मीटर आला होता, चमकत्या लाल आकड्यांचा. मी मोठ्या ऐटीत बटण दाबलं. ७.३ स्थिर, आणि पुढचा आकडा सहा, सात, पुन्हा सहा. तुम्ही हात मागे बांधून पाहत राहिलात आणि म्हणालात, "मॅडम, याना शेवटला आकडा अजून ठरना नही." किती हसलो आपण. ती आपली शेवटची भेट. त्या दिवशी बोलायला हवं होतं. गिरणीसुद्धा बंद होती.

परवा दहाव्याला तुमच्या गावी गेले. पांझरेवरचे विधी आटपल्यावर घरी अक्कांपाशी बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या की तुम्ही माझ्याबद्दल घरी बोलायचात, पाहुण्यांनाही सांगायचात. काय सांगायचात, म्हणून मी विचारलं.

"त्या कायम सांगेत, मॅडमनी मोठी परीक्षा व्हती, तवय मॅडमनी मोठा साहेबेसपुढे मनं नाव लिधं."

अक्कांच्या रडून सुजलेल्या चेहऱ्यावर अभिमान होता. आजूबाजूच्या बायकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. इतकी शिकलेली बाई, पण अटेंडंटचं नाव घ्यायला लाजली नाही. तुम्ही एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. नाव मी घेतलंच होतं. कशासाठी घेतलं, तेवढंच तुम्ही वगळलंत.

आणि मी मान हलवली, भाऊ. पुन्हा एकदा. हो म्हटलं, चहा घेतला आणि धुळ्याहून जळगावची एसटी पकडली. पारोळ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. वाटेत आपल्या दोन-तीन विहिरी लागल्या.

आज एक वाजता उठलेच होते, तर फळीवरून तुमचं रजिस्टर काढलं. पान न् पान पाहिलं. ७.४, ७.८, ८.१. शून्य फक्त चार ठिकाणी आहे, जिथे सुई नेमकी आठवर बसली होती. तेवढी चार तुमची. हे मी कॉलेजच्या अंकात छापायला देते आहे, पोरांना वाचू दे की त्यांच्या बाईंनी काय केलं. पण त्याआधी येत्या रविवारी हे रजिस्टर घेऊन मी अक्कांकडे जाणार आहे. त्यांच्याकडून एक अभिमानाची गोष्ट काढून घ्यायला मला जड जाईल. त्या बदल्यात मी त्यांना खरी गोष्ट देईन, ती त्याहून मोठी आहे. त्या हात सोडतील की धरतील, मला ठाऊक नाही. जे ठाऊक नाही ते लिहू नये, हे तर तुमच्याकडूनच शिकले.

जे ठाऊक आहे ते लिहिते. तुमच्याच बोलीत लिहिते, चुकलं तर सांभाळून घ्या.

हाई शून्य तुमनं नही, भाऊ. मनं शे.